खरखर विकत घेणारा शेजारी

"अरे, तुझं पार्सल आलंय! साबणाच्या वडीएवढं दिसतंय आणि वजन बघितलं तर वरवंट्याचं. काय मागवलंयस एवढं?"

काकूंनी हे भिंतीवरून विचारलं आणि आवाज मुद्दाम चढा ठेवला, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरापर्यंत नीट पोचेल. मिरजेत आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावरून आजवर कढीपत्ता, इडलीचं पीठ, लग्नपत्रिका आणि गल्लीतल्या यच्चयावत बातम्या इकडून तिकडे गेल्यात. मी घरी नसलो की कुरिअरवालाही पार्सल काकूंच्याच हातात देतो. तिथेच घात होतो.

"पेडल आहे, काकू. गिटारचं."

"गिटारला पेडल? ती काय सायकल आहे?"

"पायानं दाबायचं असतं. दाबलं की आवाज बदलतो."

"शिलाई मशीनसारखं, म्हण की. कितीला पडलं?"

मी मागे वळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. "तीन हजारांच्या आत."

"आणि बायकोला सांगितलंस?"

"तिला सगळी हिरवी पेडलं सारखीच दिसतात. एक हिरवं आधीचं आहेच."

काकू हसल्या. म्हणजे बातमी गल्लीच्या टोकापर्यंत जायला आता संध्याकाळ पुरे.

मी बँकेत नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. अठ्ठावीस वर्षं झाली. जत्रा, गणपती, लग्नाचं रिसेप्शन, पतसंस्थेचा वर्धापनदिन, कुठेही. पगाराच्या पैशाला हात लावायचा नाही, वाजवून मिळेल त्यातूनच पेडलं घ्यायची, असा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे. त्यामुळे माझ्याकडे सगळा माल स्वस्तातला. आणि स्वस्त मालाबद्दल माझी मतंही पक्की. ती ऐकून घेणारा माणूस भिंतीपलीकडे राहतो, हे माझं नशीब.

ते म्हणजे काकूंचे यजमान, नाना. चाळीस वर्षं त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद झालं, पण बंद डबी दिसली की ती उघडल्याशिवाय त्यांना अजूनही चैन पडत नाही. त्या दिवशी ते चहाचा कप भिंतीवर ठेवून, खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढूनच आले.

"आण इकडे."

"नाना, मी अजून वाजवलंही नाही."

"वाजव नंतर. आधी आत काय आहे ते बघू."

चार स्क्रू निघाले, तळाचं झाकण उघडलं. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला, पेडल नाकाजवळ नेलं आणि एकदम ओरडले, "अगं ए, इकडे ये! हा बघ आपला पंचेचाळीस-अठ्ठावन!"

काकूंना पंचेचाळीस-अठ्ठावन म्हणजे काय हे चाळीस वर्षांच्या संसारात कळलेलं होतंच. ४५५८ ही आठ पायांची चिप. टेपरेकॉर्डर, ॲम्प्लिफायर, मिक्सर, सगळ्यांच्या पोटात ती असायची. नानांनी अशा किती बदलल्या असतील याचा हिशेब नाही. आणि गिटारवाल्यांच्या जगात हीच चिप देव्हाऱ्यात बसलेली. जपानच्या आयबानेझ कंपनीचं ट्यूब स्क्रीमर नावाचं हिरवं पेडल १९७९ च्या सुमारास आलं, ते हिच्या जिवावर. टेक्सासचा स्टीव्ही रे व्हॉन ते वापरायचा, त्यामुळे जुन्या ट्यूब स्क्रीमरच्या आणि त्यातल्या त्या चिपच्या किमती कुठल्या कुठे गेल्या. माझं पेडल म्हणजे त्याचीच चिनी नक्कल. मांडणी जवळपास तीच, रंगही तोच.

"आणि हे दोन डायोड उलटसुलट लावलेत," नाना बोट दाखवत म्हणाले. "म्हणजे आवाजाची लाट मोठी झाली की वरचं टोकही कापायचं आणि खालचंही. हे तर ओव्हरलोड! मुद्दाम केलेलं?"

"मुद्दाम."

नानांनी पेडल भिंतीवर ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या दुकानाची काच फोडली असावी. "अरे, माझी हयात गेली खरखर काढण्यात. माणसं लांबून लांबून रेडिओ डोक्यावर घेऊन यायची, नाना, एवढी खरखर काढा म्हणून. आणि तू पैसे मोजून खरखर विकत आणतोस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते काकूंनी दिलं. काकू भजनी मंडळात तंबोऱ्यावर बसतात. मिरजेची लेक आणि मिरजेचीच सून, सतारमेकर गल्लीतून येता-जाता वाढलेली. त्या म्हणाल्या, "आणि तंबोऱ्याची जवारी म्हणजे काय असतं हो? तार घोडीला नुसती घासायला हवी म्हणून ती मंडळी दोन-दोन दिवस घोडी तासत बसतात. वर सुताचा जीव घालून तो केसभर इकडे, केसभर तिकडे. जवारी नसलेला तंबोरा कसा वाजतो? फळीवर तार ताणल्यासारखा."

नाना गप्प. मीही गप्प. अठ्ठावीस वर्षं मी लोकांना डिस्टॉर्शन म्हणजे काय ते समजावतोय आणि मला हे कधी सुचलं नाही. तार घासली की मूळ सुराच्या डोक्यावर वरचे सूर उठतात. डायोडनी लाट छाटली तरी तेच होतं. एक काम सुतानं होतं, दुसरं दहा-वीस पैशाच्या काचेच्या मण्यानं.

*

तेव्हापासून रोज संध्याकाळी भिंतीवर पेडलपुराण सुरू झालं. नानांना उगमकथा फार आवडतात, म्हणून मी त्यांना नॅशव्हिलची गोष्ट सांगितली. मार्टी रॉबिन्स नावाचा गायक 'डोंट वरी' हे गाणं करत होता. रेकॉर्ड आली १९६१ मध्ये. ग्रेडी मार्टिन त्यावर बेस वाजवत असताना मिक्सिंगच्या टेबलातला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि बेसचा आवाज भुंग्यासारखा घोंघावायला लागला. पुन्हा घ्यायचं की नाही यावर चर्चा झाली आणि शेवटी तो तसाच ठेवला. लोकांना आवडला. मग ग्लेन स्नॉडी या रेकॉर्डिंग इंजिनिअरनं त्या बिघाडाची नक्कल करणारं सर्किट जमवलं, आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीनं मेस्ट्रो फझ-टोन या नावानं ती डबी बाजारात आणली.

"म्हणजे बिघडलेला ट्रान्सफॉर्मर डबीत भरून विकला!" नानांना हे इतकं आवडलं की त्यांनी चहा परत सांगितला.

विकला म्हणजे, आधी दुकानांतच पडून राहिला. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सनं 'सॅटिस्फॅक्शन'ला तो लावला. त्याच्या डोक्यात होतं की हे नुसतं कच्चं काम, पुढे या जागी ब्रासची वाद्यं येतील. गाणं तसंच बाहेर पडलं आणि त्या वर्षाअखेर दुकानांतल्या डब्या संपल्या. त्याच्या आधीची माणसं तर आणखी पुढची. लिंक रे यानं १९५८ मध्ये 'रंबल'साठी पेन्सिलीनं स्पीकरला भोकं पाडली. लंडनच्या डेव्ह डेव्हिसनं १९६४ मध्ये ब्लेडनं स्पीकरचा कागदच चिरला.

"माझ्या दुकानात असं कुणी केलं असतं तर ब्लेड त्याच्यावरच चालवलं असतं," नाना म्हणाले.

भाऊबंदकीशिवाय कुठलंही पुराण रंगत नाही, तेव्हा तीही सांगितली. जपानची रोलँड कंपनी आपली पेडलं बॉस या नावानं काढते. त्यांचं केशरी डीएस-वन १९७८ पासून आजतागायत बाजारात आहे, आणि माझ्या मते नवशिक्यानं डोळे झाकून घ्यावं असं जे एखादंच पेडल असेल, ते हे. आवाज सगळ्यांनाच आवडतो असं नाही. टोनचं बटण अर्ध्याच्या पुढे नेलं तर कानात सुया टोचतात. पण डबी लोखंडासारखी, आणि उद्या नको झालं तर तासाभरात गिऱ्हाईक मिळतं. बेरिंगर ही मूळची जर्मन कंपनी, उली बेरिंगरनं १९८९ मध्ये काढलेली. तिनं तशाच आकाराची, तशाच रंगांची पेडलं प्लॅस्टिकच्या डबीत घालून पडत्या भावात आणली. २००५ मध्ये रोलँडनं दावा ठोकला. पुढे दोघांनी आपसांत मिटवलं.

"आपल्याकडे बांधावरून होतं तसंच," काकू म्हणाल्या.

"पण काकू, त्या प्लॅस्टिकच्या डब्यांतला एक एसएफ-थ्रीहंड्रेड नावाचा फझ आहे, तो ज्या बॉसच्या पेडलाची नक्कल आहे ते बॉसनं कधीच बंद केलं. आता मूळ पेडल जुन्या बाजारात भलत्या भावानं जातं, आणि नक्कल आपली गरिबाघरी सुखात नांदतेय."

सगळ्यात मोठी गोष्ट क्लॉनची. अमेरिकेतल्या बिल फिनेगननं १९९४ पासून पंधरा-एक वर्षं क्लॉन सेंटॉर नावाची सोनेरी-रुपेरी पेडलं हातानं बनवली. सगळी मिळून आठेक हजार. सर्किट कुणाला कळू नये म्हणून आत काळं लुकण ओतलेलं. आज एकेकाची किंमत लाखांत. शेवटी कुणीतरी लुकण खरवडून सर्किटचा नकाशा काढलाच आणि नकलांचं पीक आलं. २०२४ मध्ये बेरिंगरनं त्याच रूपाची स्वस्त नक्कल काढली, तेव्हा फिनेगननं अमेरिकेत कोर्टात दावा लावला.

"त्या लुकणाखाली काय निघालं?" नानांचा प्रश्न.

"साध्या चिपा. आणि जर्मेनियमचे दोन डायोड."

"ओए-७९ सारखे?"

"त्याचेच चुलतभाऊ."

नाना यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. नुसते आपल्या माळ्याकडे बघत राहिले. का, ते मला नंतर कळलं.

*

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याच्याकडे पेडलांचा अख्खा पाट आहे, अकरा पेडलं, त्यातलं एक तर चाळीस हजारांचं. अख्खं गाणं वाजवताना त्याला मी अजून ऐकलेलं नाही, पण हे मी फक्त काकूंना सांगितलं, म्हणजे ते आता सगळ्यांना माहीत आहे. एके दिवशी तो रडवेला होऊन भिंतीशी आला. सगळ्यातून घूं-घूं येतंय, आता कुठलं पेडल बदलू?

नाना त्याच्या घरी गेले आणि पेडलांकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. भिंतीवरचा सॉकेट उघडला. तीन भोकांतलं वरचं भोक आंधळं! अर्थिंगची वायर बसवलेलीच नव्हती. शिवाय अकरा पेडलांना एकाच साध्या अडॅप्टरमधून, माळेसारखी वायर फिरवून वीज दिलेली. त्या चाळीस हजारांच्या पेडलाला तोच अडॅप्टर आणि दीड हजाराच्यालाही तोच. "अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घाला," नानांनी डॉक्टरांना औषध लिहून दिल्यासारखं सांगितलं, "आणि उन्हाळ्यात रोज तांब्याभर पाणी."

अर्थिंगबद्दल मी पोटतिडकीनं बोलतो, त्यालाही कारण आहे. एका मांडवात गिटारचा ॲम्प एका बोर्डावर आणि माईकचा दुसऱ्यावर होता. हात तारांवर आणि ओठ माईकला लागले मात्र, ओठाला मुंगळा डसावा तसा झटका बसला. लोकांना वाटलं, मी गाण्यात रंगून मागे उडी मारली. टाळ्या पडल्या. तेव्हापासून मी खिशात टेस्टर ठेवतो आणि माईकला स्पंजची टोपी घालतो.

दुसरा गाढवपणा माझा स्वतःचा. पेडलांच्या नऊ व्होल्टच्या पिनेत मधलं टोक ऋण असतं आणि बाहेरचं कडं धन. घरातल्या बहुतेक अडॅप्टरांचं नेमकं उलट. एकदा घाईत मी वायफायच्या राउटरचा अडॅप्टर लावला. जळका वास आला आणि पेडल गेलं. नानांनी भिंतीवरच ठेवून उघडलं आणि सुईनं टोचून दाखवलं. आत शिरतानाच एक डायोड पहारेकऱ्यासारखा आडवा उभा केलेला असतो. उलटी वीज आली की तो स्वतः मरतो. रुपयाचा डायोड मेला होता, दोन हजारांचं पेडल वाचलं होतं. नानांनी दुसरा डायोड टाकून दिला आणि म्हणाले, "तुझ्यापेक्षा हा शहाणा."

आता माझं मत सांगतो, नाहीतर गप्पांत राहून जाईल. स्वस्त पेडलात आवाज स्वस्त नसतो. चिप तीच, डायोड तेच, रोध तेच. स्वस्त असतं ते तुमच्या हाताला आणि पायाला लागणारं: पायाचं बटण, वायर खुपसायचा जॅक, फिरवायच्या कळा. आधी बिघडतं तेही तेच. माझं एक प्लॅस्टिकचं पेडल भर कार्यक्रमात, 'झिंगाट'च्या तोंडावर, बटणापाशी तडकलं आणि आतच दाबून बसलं. उरलेलं सगळं गाणं फझवर. नंतर आयोजकानं आवर्जून येऊन सांगितलं की आज गिटार फार दमदार वाजली.

त्यामुळे घेताना मी आवाज नंतर ऐकतो. आधी जॅकमध्ये वायर घालून हळूच हलवतो. कड-कड आलं की परत. पायाचं बटण पंचवीस वेळा दाबतो. दुकानदार वैतागतो, वैतागू दे. एकानं मला तोंडावर सांगितलं, "साहेब, घ्यायचं नसेल तर दाबू नका." मी नाही घेतलं. आणि बॅटरीवर चालणारं पेडल असेल तर रात्री त्यातली आत येणारी वायर उपटून ठेवतो. ही गोष्ट शिकायला मला सहा बॅटऱ्या लागल्या. वायर घातली की पेडल चालू होतं, दिवा लागो न लागो. आणि रात्रभर वायर तशीच राहिली की सकाळी बॅटरी थंड.

वायरींचं म्हणाल तर इथे कंजुषी करू नये, हे माझं एकमेव महाग मत. वीस फुटांची रद्दी केबल आवाजातला तजेला आधीच पिऊन टाकते, मग पेडल बिचारं काय करणार? पेडलं एकमेकांना जोडणाऱ्या वीतभर केबली तर सगळ्यात दगाबाज. मी नाटकाच्या पडद्यामागे बसून पाच मिनिटांत पेडल बदललं, अडॅप्टर बदलला, देवाचं नाव घेतलं, आणि दोष निघाला वीतभर केबलीत. शिवाय तारा! डॉक्टरांच्या मुलाच्या गिटारच्या तारा गंजून काळ्या पडलेल्या. चाळीस हजार पेडलाला दिले आणि पाचेकशेच्या तारा बदलायला जिवावर आलं.

*

खरा परीक्षक कोण, तर आमच्याकडच्या बेंजो पार्टीतला वादक. शहरातल्या लोकांना बेंजो म्हटलं की अमेरिकन वाद्य आठवतं. आमचा बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, टाईपरायटरसारख्या कळांचा, त्याला पिकअप बसवलेला. सांगली-कोल्हापूरकडे वरात म्हटली की तो हवाच. माझ्या ओळखीचा एक वादक झूम कंपनीचा जुना मल्टिइफेक्ट प्रोसेसर गेली कित्येक वर्षं वापरतोय. ट्रॉली खड्ड्यातून उडते, वर गुलाल, खाली डिझेलचा धूर, आणि हा चप्पल घातलेल्या पायानं बटण दाबून 'नागीण'चा आवाज काढतोय. कळांत गुलाल गेला की घरी येऊन ब्रशनं झाडतो. मी त्याला विचारलं, याचा टोन कसा वाटतो? तो म्हणाला, "टोन बिन काय न्हाय दादा, पाऊस पडला तरी वाजतंय." पेडलाबद्दल इतकं नेमकं मत मी कुठे ऐकलं नाही. ज्याला घरात हेडफोन लावून सराव करायचा आहे त्याला मीही हेच सांगतो: पाच वेगवेगळी पेडलं जमवण्याआधी एक जुना मल्टिइफेक्ट घे, त्यात सगळं थोडं थोडं चाख, आणि मग तुला खरंच काय लागतं ते तुलाच कळेल.

एकोची गंमत मात्र काकूंमुळे कळली. भजनी मंडळानं नवा छोटा मिक्सर घेतला, त्यात एकोचं बटण. 'विठ्ठल' म्हटलं की चार वेळा विठ्ठल. काकूंना ते पसंत नव्हतं; "एकदाच म्हटलेलं पोचतं त्याला," असं त्यांचं म्हणणं. म्हणून नानांनी मिक्सर उघडला, आणि आत निघाली पीटी-२३९९. तैवानच्या प्रिन्सटन कंपनीची ही चिप कॅराओकेच्या एकोसाठीच बनवलेली. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ती सुट्ट्या नोटांत मिळते. आणि हीच चिप रंगीत डबीत, वर हातानं काढलेलं चित्र लावून, परदेशी डिले पेडल म्हणून दहा-पंधरा हजारांनाही विकली जाते. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे ओढलं की तिचा आवाज गढूळ होतो. मिक्सरमध्ये त्याला दोष म्हणतात, पेडलात 'जुन्या टेपसारखा ऊबदार'. डॉक्टरांच्या मुलाला हे सांगू नका, असं मी काकूंना सांगितलं. ती माझी चूक.

*

मे महिन्यात एका सकाळी भिंतीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिसला. नाना माळ्यावर चढले होते, आणि काकूंचा त्यावरून अबोला चालू होता.

डब्यात गुंडाळून ठेवलेली कागदाची पुडकी. एकात ओए-७९ डायोड. दुसऱ्यात चकचकीत धातूच्या टोपीचे, तीन पायांचे ट्रान्झिस्टर. अंगावर एसी-१२८ आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सचा छाप.

"तू म्हणत होतास ना, जर्मेनियम जर्मेनियम. हे काय आहे? जुन्या रेडिओच्या औटपुटला हेच असायचे."

मी भिंतीलाच टेकलो. लंडनमध्ये १९६६ साली फझ फेस नावाचं गोल, चेहऱ्यासारखं पेडल निघालं, जिमी हेंड्रिक्सनं गाजवलं. आत ट्रान्झिस्टर दोनच, आणि सगळे मिळून सुटे भाग अकरा. एसी-१२८ त्यात अगदी चपखल बसतो. जगभरचे पेडल बनवणारे जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर शोधत फिरतात, आणि इथे ते नानांच्या माळ्यावर ओव्याचा वास लागून पडलेले.

सोळा निघाले. नानांनी मल्टिमीटरच्या खोबणीत एकेक बसवायला सुरुवात केली. एकाचा गेनचा आकडा ९२ आला. "आता बघ," म्हणत त्यांनी टोपी दोन बोटांत नुसती धरली. आकडा हलला. ९५. ९९. १०४. बोटांच्या उबेनं चढतच गेला. सोडला की हळूहळू खाली. "जर्मेनियम असंच. ताप चढतो त्याला. म्हणून तर सिलिकॉन आलं आणि हे गेलं." सोळांतले नऊ गळके निघाले, आपोआपच वीज पाझरवणारे. दोन हलके, ते बाजूला. उरलेल्या पाचांतून एक सत्तरीतला आणि एक एकशे वीसच्या आसपासचा निवडला. पहिला कमी आणि दुसरा जास्त लागतो, हे मी सांगितलं. नानांनी "स्वाभाविक आहे" म्हणून मान डोलवली.

डबी काकूंनी दिली. शाळेत शिकवायला जायच्या तेव्हाचा ॲल्युमिनियमचा चपटा डबा. अबोला त्यावर सुटला. नानांनी जुन्या रेडिओच्या सर्किट-पाटीच्या तुकड्यावर सगळं सोल्डर केलं. राळेचा वास भिंतीवरून आमच्या घरात आला आणि बायकोनं प्रथमच विचारलं, नक्की चाललंय काय? सगळ्यात महाग वस्तू कोणती झाली? पायाचं बटण. उरलेलं सगळं घरचं.

सकाळी सातला वाजवून बघितलं. गिटारचा आवाज पूर्ण उघडला की भरल्या घशानं रडल्यासारखा. तोच गिटारवरूनच थोडा कमी केला की निथळ, घंटेसारखा. माझ्याकडच्या एकाही विकतच्या पेडलात हे नाही. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, ऐकलं, म्हणाल्या, "हां, याला जवारी आहे."

दुपारी तीनला पत्र्याखाली, चाळीस अंशांत, तेच पेडल गुदमरलं. सूर निघायचा आणि मध्येच तुटायचा. नानांनी मीटर लावला, आत एक प्रीसेट बसवला आणि झाकणाला स्क्रू ड्रायव्हर जाईल एवढं भोक पाडलं. आता उन्हात अर्धा वळसा उजवीकडे, रात्री अर्धा डावीकडे. या ट्रान्झिस्टरांना धन टोक जमिनीला लागतं, म्हणून हे पेडल इतर पेडलांच्या अडॅप्टरवर चालत नाही. नऊ व्होल्टची साधी बॅटरी घातली आहे आणि ती आषाढ संपत आला तरी चालतेय. रांगेत त्याला पहिलं उभं करावं लागतं. त्याच्या आधी दुसरं पेडल आलेलं त्याला खपत नाही. काकूंच्या शाळेतलीच शिस्त.

डॉक्टरांच्या मुलानं त्यासाठी चाळीस हजारांचं पेडल अदलाबदलीत देऊ केलं. नाना नाही म्हणाले. दुसरं बनवून देतो म्हणाले, पण पाचांतले दोन संपले आणि राहिलेल्या तिघांची जोडी जुळत नाही. तेव्हा कुणाच्या माळ्यावर साठ-सत्तरच्या दशकातला बंद पडलेला ट्रान्झिस्टर रेडिओ असेल, तर तो भंगारवाल्याला किलोवर घालण्याआधी मिरजेत आमच्या भिंतीशी येऊन एक हाक मारा. चहा काकू करतील.